विधेयक सभागृहात असते तेव्हा आपण कुठे असतो?

(जिल्हा कार्यकर्ता बैठकीत केलेल्या भाषणाचा संकलित मजकूर)



आजच्या बैठकीपुढे भावाचा प्रश्न आहे, वीजबिलाचा आहे, पीकविम्याचा आहे. त्या मानाने माझा विषय कोरडा वाटेल. विधिमंडळात एका दिवसाचे कामकाज कसे चालते आणि त्या दिवसात विधेयक कुठून शिरते, कुठून बाहेर पडते, एवढेच मला सांगायचे आहे. शाळेत नागरिकशास्त्राच्या पुस्तकात हे सगळे होते, पण ते आपण मार्कांपुरते पाठ केले आणि विसरलो. आज ते पुन्हा उघडायचे आहे, कारण ज्या कायद्यांनी आपला माल, आपली जमीन आणि आपले कर्ज बांधलेले आहे ते सगळे कायदे याच वाटेने आले.

आपल्या आंदोलनाची एक सवय पहा. अधिवेशन लागले की आपण मोर्चा काढतो. नागपूरला थंडीत आणि मुंबईला पावसात रस्त्यावर बसतो. एखादे मंत्री येतात किंवा निरोप धाडतात, आपण निवेदन देतो, फोटो निघतो आणि आपण गावी परततो. त्याच दिवशी, त्याच वेळी, आत सभागृहात आपल्याच विषयावरचे विधेयक वीस मिनिटांत मंजूर होऊन गेलेले असते. दुसऱ्या दिवशीच्या पेपरात आपण ते वाचतो आणि मग निषेधाची सभा लावतो. बैल गेला अन् झोपा केला, ही म्हण आपल्याच पूर्वजांनी आपल्यासाठी करून ठेवली आहे.

मताचा अधिकार आला आणि गेला

बाजार समितीचेच उदाहरण घेऊ. आपल्या राज्यात कृषी उत्पन्न पणनाचा कायदा १९६३ चा. या कायद्याखालच्या बाजार समितीत १८ संचालक. त्यांतले १५ शेतकऱ्यांचे प्रतिनिधी, २ व्यापाऱ्यांचे, १ हमाल-मापाडींचा. पण या १५ जणांना निवडून कोण देणार? ज्याचा माल तिथे विकतो तो शेतकरी नव्हे. ११ जण सोसायट्यांच्या संचालकांनी निवडायचे आणि ४ ग्रामपंचायतीच्या सदस्यांनी. आयुष्यभर त्या आवारात कांदा ओतणाऱ्या माणसाला तिथे मत नव्हते.

२०१७ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. बाजार क्षेत्रात राहणारा, किमान १० आर जमीन असणारा आणि मागच्या पाच वर्षांत किमान तीन वेळा त्या बाजार समितीत माल विकलेला शेतकरी मतदार ठरला. २०१८ मध्ये सोलापूर आणि बार्शीच्या निवडणुकीत शेतकऱ्यांनी थेट मतदान केले. सरकार बदलले आणि २०२० च्या सुरुवातीला पुन्हा दुरुस्ती झाली. निवडणुकीचा खर्च बाजार समित्यांना पेलत नाही, असे कारण दिले गेले आणि मत परत सोसायट्यांच्या व ग्रामपंचायतींच्या सदस्यांकडे गेले. २०२२ मध्ये सरकार बदलले. जुलैत मंत्रिमंडळाने निर्णय घेतला की शेतकऱ्याला मत परत द्यायचे. अखेर हाती काय आले? १० आर जमीन असलेल्या शेतकऱ्याला निवडणुकीला उभे राहता येईल, पण मत देता येणार नाही. २०२३ च्या निवडणुका तशाच झाल्या. म्हणजे उभा राहू शकतो तो शेतकरी, पण स्वतःलासुद्धा मत देऊ शकत नाही!

पाच-सहा वर्षांत शेतकऱ्याचा एक अधिकार आला, गेला, येतो म्हणाला आणि अर्धाच आला. पक्ष कोणता, सरकार कोणाचे, हा वाद मी इथे करत नाही. सगळ्यांचीच सरकारे यात येऊन गेली. माझा प्रश्न आपल्याला आहे. मत काढून घेणारी दुरुस्ती सभागृहात होती त्या दिवशी आपल्यापैकी कोणाच्या हातात त्या विधेयकाची प्रत होती? कोणत्या आमदाराला आपण सांगितले होते की हे कलम वाचा आणि उभे राहा?

सभागृहाचा एक दिवस

आता दिवस पाहू. विधानसभेत २८८ सभासद, विधान परिषदेत ७८. वर्षाला साधारण तीन अधिवेशने. अर्थसंकल्पाचे आणि पावसाळी मुंबईला, हिवाळी नागपूरला. नागपूरला एक अधिवेशन घ्यायचे हे १९५३ च्या नागपूर करारात ठरले. अधिवेशन किती दिवस चालेल आणि कोणत्या कामाला किती वेळ, हे कामकाज सल्लागार समिती ठरवते. तिच्यात सत्ताधारी असतात आणि विरोधकही असतात. म्हणून अधिवेशन आखूड झाले की दोघांनाही विचारायला हवे.

आखूड म्हणजे किती? कोरोनाच्या काळात २०२० चे हिवाळी आणि २०२१ चे पावसाळी अधिवेशन दोन-दोन दिवसांत आटोपले. तो काळ वेगळा होता असे म्हणू. पण २०२४ चे नागपूर अधिवेशन १६ ते २१ डिसेंबर, म्हणजे सहा दिवस. २०२५ चे ८ ते १४ डिसेंबर, म्हणजे एक आठवडा. दिवस कमी आणि विधेयके तेवढीच असली की प्रत्येक विधेयकाच्या वाट्याला मिनिटे येतात.

बैठकीच्या दिवशी सभासदांना छापील कामकाजाचा क्रम मिळतो. आपल्या भाषेत ही त्या दिवसाची टाचणवही. सकाळी सभा सुरू झाली की पहिला तास प्रश्नोत्तरांचा. तारांकित प्रश्न म्हणजे ज्यावर मंत्र्याने उभे राहून तोंडी उत्तर द्यायचे आणि सभासदांनी उपप्रश्न विचारायचे. मग कागदपत्रे सभागृहासमोर ठेवली जातात. त्यात अहवाल असतात, वटहुकूम असतात, नियमांच्या अधिसूचना असतात. मग स्थगन प्रस्ताव, औचित्याचे मुद्दे. मग लक्षवेधी सूचना. दुष्काळ, गारपीट, खताची लिंकिंग, बोगस बियाणे हे विषय आपल्याला ऐकू येतात ते बहुधा इथेच. टी.व्ही.वाले आणि वार्ताहर यावेळी जागे असतात, मंत्री हजर असतात, गॅलरी भरलेली असते.

त्यानंतर शासकीय विधेयके. जेवणाची वेळ उलटलेली असते. सकाळी ज्यांनी आवाज चढवला ते आमदार लॉबीत किंवा मतदारसंघातून आलेल्या माणसांच्या गराड्यात. बाके रिकामी होतात. शेवटी नियम २९३ खालच्या चर्चा, अर्धा तास चर्चा वगैरे. शुक्रवारी अखेरचे अडीच तास अशासकीय कामकाजाला, म्हणजे मंत्री नसलेल्या सभासदांच्या विधेयकांना आणि ठरावांना.

तेव्हा लक्षात घ्या, गाजते ती सकाळ आणि कायदा होतो तो दुपारी किंवा रात्री. घटनेच्या १८९ व्या कलमाप्रमाणे गणसंख्या एक दशांश किंवा दहा, यातली जी मोठी असेल ती. विधानसभेत ती २९ होते आणि परिषदेत १०. म्हणजे २८८ पैकी २९ जण हजर असले तरी सभा कायदेशीर. हजर राहून मत देणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांनी ‘होय’ म्हटले की विधेयक मंजूर. आपण मात्र समजतो की सगळ्या आमदारांनी विचार करून कायदा केला!

चार पायऱ्या

मी शेतकीचा पदवीधर. आम्हाला पिकाच्या अवस्था शिकवल्या त्या एका हिशोबाने. गव्हाला एकच पाणी देण्याजोगे असेल तर ते पेरणीनंतर १८ ते २१ दिवसांनी, मुकुटमुळे फुटताना द्यावे. तेच पाणी दाणे पक्व झाल्यावर दिले तर फुकट जाते, उलट पीक लोळते. पाणी तेवढेच, पण वेळ चुकली की उपयोग शून्य. विधेयकाच्याही अवस्था आहेत आणि आपली ताकद तर एका पाण्याइतकीच आहे.

पहिली अवस्था पुरःस्थापनेची. मंत्री उठून परवानगी मागतात आणि विधेयक मांडतात. एक-दोन मिनिटांचे काम. चर्चा बहुधा नाही. पण याच क्षणाला विधेयकाची छापील प्रत सार्वजनिक होते, ती राजपत्रात येते आणि विधानमंडळाच्या संकेतस्थळावरही मिळते. आपल्यासाठी हीच मुकुटमुळांची अवस्था. प्रत हातात पडल्यापासून विचारार्थ येईपर्यंत कधी चार दिवस मिळतात, कधी एक रात्र. सभासदांना प्रत आधी मिळावी असा दंडक आहे, पण अध्यक्ष परवानगी देऊन तो सैल करू शकतात. अधिवेशनाच्या शेवटच्या दोन दिवसांत तो वारंवार सैल होतो.

दुसरी अवस्था. मंत्री म्हणतात, ‘विधेयक विचारात घेण्यात यावे.’ इथे तत्त्वाची चर्चा होते. इथेच कोणताही सभासद मागणी करू शकतो की विधेयक समितीकडे पाठवा किंवा जनमत अजमावण्यासाठी फिरवा. ही मागणी करणारा एक तरी सभासद आपला तयार हवा. दोन्ही सभागृहांच्या सभासदांची समिती झाली की ती संयुक्त समिती.

तिसरी अवस्था खंडशः विचाराची. कलम दोन, कलम तीन, असे एकेक पुकारले जाते. ज्याने लेखी दुरुस्ती आधी दिली असेल त्याची दुरुस्ती मताला येते. कोणाचीच दुरुस्ती नसेल तर ‘खंड २ ते १४ विधेयकाचा भाग झाले’ असे एका दमात म्हटले जाते. वाक्य संपते तोवर तेरा कलमे पार.

चौथी, ‘विधेयक संमत करण्यात यावे.’ आवाजी मतदान. अध्यक्षांना ज्या बाजूचा आवाज मोठा वाटला ती बाजू जिंकली. एखाद्या सभासदाने मतविभागणी मागितली, सभागृहाच्या बोलीत पोल मागितला, तरच कोण कोणत्या बाजूला होते याची नोंद राहते. आवाजी मतदानात कोणाचेच नाव उरत नाही. उद्या गावात आलेल्या आमदाराला तुम्ही विचारले की मत कोणाला दिलेत, तर तो काहीही सांगू शकतो.

हे सगळे एका सभागृहात. मग दुसऱ्या सभागृहात पुन्हा तसेच. विधानसभेत निसटलेला मुद्दा परिषदेत धरता येतो, हे आपण विसरतो. परिषद साधे विधेयक तीन महिने रोखू शकते आणि विधानसभेने ते पुन्हा मंजूर करून पाठवले तर आणखी एक महिना. शेवटी शब्द विधानसभेचाच चालतो. दिल्लीसारखी संयुक्त बैठक राज्यात होत नाही. पैशाच्या विधेयकावर तर परिषदेला १४ दिवसच मिळतात आणि शिफारशींपलीकडे अधिकार नाही.

वेळ मिळाली तर काय होते

२०२० साली केंद्राने शेतीविषयक तीन कायदे आणले. ५ जूनला वटहुकूम निघाले, १७ सप्टेंबरपर्यंत लोकसभेत मंजुरी झाली आणि २० सप्टेंबरला राज्यसभेत दोन विधेयके आवाजी मतदानाने संमत झाली. विरोधक मतविभागणी मागत राहिले, ती झाली नाही. ते कायदे चांगले की वाईट, यावर आपल्यातच दोन मते होती आणि अजून आहेत. पुढे दिल्लीच्या वेशीवर वर्षभर आंदोलन चालले आणि २९ नोव्हेंबर २०२१ ला तेच कायदे रद्द करणारे विधेयक दोन्ही सभागृहांत एकाच दिवशी, चर्चेशिवाय संमत झाले. ज्याला ते कायदे हवे होते त्याचे म्हणणे शेवटी ऐकले गेले नाही आणि ज्याला नको होते त्याचे सुरुवातीला ऐकले गेले नाही. घाईचे हे दुहेरी नुकसान.

याच काळात, ६ जुलै २०२१ ला, आपल्या राज्य सरकारने केंद्राच्या त्या तीन कायद्यांत राज्यापुरत्या दुरुस्त्या करणारी तीन विधेयके मसुदा म्हणून सभागृहात ठेवली आणि दोन महिने लोकांच्या सूचना मागवल्या. मूळ कायदेच रद्द झाल्यावर ही विधेयके मागे घेतली गेली. पण मसुदा ठेवा, वेळ द्या, सूचना घ्या, ही पद्धत अशक्य नाही हे त्यातून सिद्ध झाले. आपण ती प्रत्येक शेतीविधेयकासाठी मागितली पाहिजे.

दुसरे उदाहरण जनसुरक्षा विधेयकाचे. ते पहिल्यांदा २०२४ च्या जुलैत मांडले गेले. पुढे विधानसभेची मुदत संपली आणि विधेयक आपोआप पडले. इथे एक फरक ध्यानात ठेवा. अधिवेशन संपल्याने विधेयक मरत नाही. विधानसभा विसर्जित झाली की तिच्यापुढे पडून असलेले विधेयक मरते. डिसेंबर २०२४ मध्ये ते पुन्हा मांडले गेले आणि संयुक्त समितीकडे गेले. समितीकडे बारा हजारांहून अधिक सूचना आल्या. मसुद्याची काही भाषा बदलली, तपास करणाऱ्या अधिकाऱ्याचा दर्जा वाढवला गेला. १० जुलै २०२५ ला विधानसभेने आणि ११ जुलैला परिषदेने ते मंजूर केले. विरोध करणाऱ्या संघटनांचे समाधान झाले नाही, हे खरे. पण समिती नसती तर एवढाही बदल झाला नसता. बारा हजार कागदांत आंदोलने करणाऱ्या आपल्यासारख्यांचे किती कागद होते, हे प्रत्येक जिल्ह्याने स्वतःला विचारावे.

वटहुकुमाची चोरवाट

अधिवेशन चालू नसताना तातडीची गरज पडली तर राज्यपालांना वटहुकूम काढता येतो. घटनेचे २१३ वे कलम. अधिवेशन पुन्हा भरले की तो सभागृहापुढे ठेवावा लागतो आणि सहा आठवड्यांत त्याचा कायदा झाला नाही तर तो संपतो. तरतूद आणीबाणीच्या वेळची आहे, पण वापर मात्र रोजच्या पायवाटेसारखा होतो.

याबाबतीत एक गोष्ट आपण अभिमानाने सांगावी. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतले डॉ. डी. सी. वाधवा बिहारच्या जमिनीच्या प्रश्नाचा अभ्यास करत होते. त्यांना दिसले की १९६७ ते १९८१ या काळात बिहार सरकारने २५६ वटहुकूम काढले आणि मुदत संपली की तेच पुन्हा काढून जिवंत ठेवले. त्यांतला एक उसाच्या पुरवठ्याचा आणि खरेदीचा. तो विधिमंडळाचे तोंड न बघता तेरा वर्षांहून अधिक काळ चालला. म्हणजे तिथल्या ऊस उत्पादकाची एक पिढी कायद्याशिवाय, नुसत्या हुकमावर नांदली. वाधवांनी पुस्तक लिहिले आणि ते सर्वोच्च न्यायालयात गेले. डिसेंबर १९८६ मध्ये घटनापीठाने हा प्रकार म्हणजे घटनेशी केलेली फसवणूक आहे असे ठरवले. पुढे जानेवारी २०१७ मध्ये सात न्यायाधीशांच्या पीठाने सांगितले की वटहुकूम विधिमंडळापुढे ठेवणे ही सक्तीची गोष्ट आहे, तो नुसता उपचार नव्हे. शांतपणे राजपत्रे चाळणाऱ्या एका अभ्यासकाने हे घडवले. आपल्यापैकी कोणी राजपत्र चाळतो का?

वटहुकुमाचे विधेयक येते तेव्हा वटहुकूम नापसंत करणारा ठराव कोणीही सभासद देऊ शकतो आणि त्यावर विधेयकाबरोबरच चर्चा होते. चर्चेचा हा हक्काचा दरवाजा आहे. तो ठोठावायला आमदाराला सांगणे हे आपले काम.

घोषणा, मंजुरी आणि अंमल

आपली फसगत होते ती आणखी एका ठिकाणी. सभागृहात मंत्र्याने केलेली घोषणा आपण कायदा समजतो. तुकडेबंदीचेच पहा. मूळ कायदा १९४७ चा. तुकड्याचे व्यवहार नियमित करायला २०१७ च्या दुरुस्तीने बाजारमूल्याच्या २५ टक्के रक्कम ठरली. २०२४ मध्ये ती ५ टक्क्यांवर आली, आधी वटहुकुमाने आणि मग नागपूरच्या अधिवेशनात विधेयकाने. जुलै २०२५ मध्ये बंदी आणखी शिथिल करण्याची घोषणा सभागृहात झाली, वटहुकूम निघाला तो नोव्हेंबरात. मधल्या चार महिन्यांत ‘आता गुंठाभर जमीनही विकता येते’ असे सांगणारे दलाल गावोगाव फिरले असतील तर नवल नाही. घोषणेच्या भरवशावर इसार द्यायचा नाही, हे घरोघर सांगा. घोषणा पाळली गेली नाही तर विधिमंडळाची आश्वासन समिती आहे. मंत्र्याने सभागृहात दिलेल्या शब्दाचा हिशोब ती मागते. तारीख आणि वाक्य हाताशी असेल तर त्या समितीकडे जाता येते.

दोन्ही सभागृहांची मंजुरी झाली म्हणजेही कायदा झाला असे नव्हे. राज्यपालांची संमती लागते. ते संमती देऊ शकतात, परत पाठवू शकतात किंवा राष्ट्रपतींकडे धाडू शकतात. किती दिवसांत, हा वाद न्यायालयात गेला. एप्रिल २०२५ मध्ये तामिळनाडूच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मुदती घालून दिल्या. नोव्हेंबर २०२५ मध्ये घटनापीठाने मत दिले की न्यायालयाला अशा मुदती बांधून देता येत नाहीत. समवर्ती सूचीतल्या विषयावर केंद्राच्या कायद्याशी विरोध येत असेल तर राष्ट्रपतींची संमती लागतेच. महिलांवरील अत्याचाराविरुद्धचे शक्ती विधेयक दोन्ही सभागृहांनी डिसेंबर २०२१ मध्ये मंजूर केले, ते राष्ट्रपतींकडे गेले आणि अंमलात आलेच नाही.

संमती मिळाल्यावरही अंमलाची तारीख लागते. रोजगार हमीची योजना आपल्या राज्यात १९७२ च्या दुष्काळात उभी राहिली, कायदा झाला १९७७ चा आणि तो लागू झाला २६ जानेवारी १९७९ ला.

आणि मग येतात नियम. कायद्यात लिहिलेले असते, ‘विहित करण्यात येईल अशा रीतीने’. ही रीत, म्हणजे फी किती, अर्ज कोणाकडे, मुदत किती दिवसांची, हे सरकार नंतर नियमांत ठरवते. शेतकऱ्याची अडवणूक कलमात कमी आणि नियमात जास्त होते. म्हणून विधेयक हातात आले की शेवटच्या पानांकडे आधी वळा. तिथे उद्देश व कारणांचे निवेदन असते, खर्चाचे ज्ञापन असते आणि सरकारने कोणकोणते अधिकार नियमांसाठी स्वतःकडे ठेवले त्याची यादी असते. चार शब्दांत विधेयकाचा जीव तिथे सापडतो.

एका आकड्याने काय फरक पडतो, तेही सांगतो. सावकारी नियमनाचा कायदा २०१४ चा आहे. त्याच्या १८ व्या कलमाप्रमाणे अवैध सावकारीतून हडपलेली जमीन जिल्हा निबंधक मूळ मालकाला परत देऊ शकतात. मात्र व्यवहार मागच्या १५ वर्षांतला हवा. चौदाव्या वर्षी अर्ज केलेल्या विधवेला जमीन मिळू शकते आणि सोळाव्या वर्षी आलेलीला दार बंद. पंधरा हा आकडा आकाशातून पडत नाही. विधेयकाच्या खंडात तो छापलेला असतो आणि खंडशः विचाराच्या वेळी तो बदलता येतो, तोही त्याच दिवशी.

आपण काय करायचे

पहिले, दार कोणते ते ओळखा. शेती, जमीन, बाजार हे राज्यसूचीतले विषय. त्यांचे विधेयक मुंबई-नागपूरला येते. अन्नधान्य, तेलबिया, कापूस यांचा व्यापार समवर्ती सूचीच्या ३३ व्या नोंदीत, तिथे दिल्लीही कायदा करते. निर्यातबंदी तर विधेयकाशिवाय, नुसत्या अधिसूचनेने येते. चुकीच्या दारात धरणे धरून उपयोग नाही.

दुसरे, प्रत्येक जिल्ह्यातून दोन माणसे नेमा. त्यांतली एक शक्यतो शिकणारी मुलगी किंवा मुलगा असावा. अधिवेशनाच्या दिवसांत त्यांनी रोज कामकाजाचा क्रम पाहायचा, शेतीशी संबंध असलेले विधेयक टिपायचे, प्रत मिळवायची. वर्षातले फार तर चाळीस-पन्नास दिवसांचे काम आहे.

तिसरे, निवेदन लिहायची पद्धत बदला. ‘शेतकऱ्यांवरील अन्याय दूर करावा’ या वाक्यावर आमदार काहीही करू शकत नाही. विधेयक क्रमांक, खंड क्रमांक, आहे तो शब्द, हवा तो शब्द आणि तीन ओळींत कारण. एकच पान. एका आमदारांनी मला लॉबीत सांगितलेले लक्षात राहिले आहे. ‘तुमच्या दहा पानांचे मी काय करू? एका कलमाची दुरुस्ती लिहून द्या, आत्ता सही करतो.’ त्यांचे म्हणणे खरे आहे. दुरुस्ती लिहून देणे हे आपले काम आहे.

चौथे, मोर्चा सोडायचा नाही, पण त्याची तारीख कामकाज पाहून ठरवायची. बाहेर रस्त्यावर माणसे आणि आत त्याच वेळी ते कलम मताला, असे जमले तर मोर्च्याचे वजन दहापट. आणि मागणी एकच, या विधेयकावर पोल घ्या. कोण कुठे बसले ते आम्हाला कळू द्या.

पाचवे, कायदा झाल्यावर सहा महिने नियमांचा पाठलाग करा. आणि सभासदाची सही घेऊन विनंती अर्ज समितीकडे अर्ज करता येतो, तो मार्गही मोकळा आहे.

कोणी म्हणेल, सरकारनेच शेतकऱ्याचे वाटोळे केले, त्या सरकारची पोथी आपण का वाचायची? माझे उत्तर सरळ आहे. पिकावर कीड पडली की आपण तिचा जीवनक्रम शिकतो. अंडी कधी, अळी कधी, कोष कधी. किडीवर प्रेम आहे म्हणून शिकत नाही, फवारणी वाया जाऊ नये म्हणून शिकतो. पतंग उडून गेल्यावर पंप पाठीवर घेणारा शेतकरी आपल्याला हसू आणतो. विधेयक मंजूर झाल्यावर निवेदन घेऊन जाणारी संघटना त्याहून वेगळी नाही.

पुढच्या अधिवेशनाच्या तारखा जाहीर होतील त्याच्या आत प्रत्येक तालुक्याने आपली दोन नावे जिल्हा कार्यालयाला द्यावीत, असा ठराव मी या बैठकीपुढे मांडतो. हात वर करून नुसता मंजूर करू नका. कोण बाजूने, कोण विरुद्ध, हे नावानिशी लिहून घ्या. सभागृहाकडून जे मागतो ते आधी आपल्या बैठकीत करून दाखवू.

जय किसान!